समुद्रतळाची आगबोट आणि माणसाचे कवच

बंगळूर हे समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० फूट उंचीवर वसलेले शहर. विमाने, उपग्रह आणि नाना प्रकारची यंत्रे यांच्यासाठी त्याचे नाव सर्वतोमुखी झालेले आहे. परंतु अथांग सागराच्या तळाशी जाणाऱ्या नौकेशी या पठारावरील शहराचा काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तरीही तो आहे. तीन माणसांना ६,००० मीटर खोल पाण्यात नेऊन सुखरूप परत आणण्यासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने ‘मत्स्य ६०००’ या नावाची पाणबुडी आखली आहे. तिचा गाभा म्हणजे टायटॅनियम धातूचा एक पोकळ गोल. आतून तो जेमतेम सात फूट रुंद, पण त्याची भिंत मात्र ८० मिलिमीटर, म्हणजे तीन इंचांहून जाड. एवढ्या जाड धातूचा सांधा निर्दोष जुळावा यासाठीचे तंत्र सिद्ध करण्याचे काम भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या बंगळूर येथील केंद्रात झाले.

तीन माणसांना बसण्यापुरत्या जागेसाठी एवढी जाड भिंत कशाला हवी? आणि ती गोलच का? या प्रश्नांचे उत्तर पुस्तकातील सूत्रांतून देता येईल. परंतु मानवाला ते प्रथम सूत्रांतून मिळालेले नाही. थंड आणि काळोख्या पाण्यात बुडालेल्या आगबोटींपर्यंत पोचण्याच्या खटपटीतून ते हळूहळू हाती आले. या खटपटींतील सर्वांत उद्बोधक कथा मुंबईकडे येण्यास निघालेल्या एका आगबोटीची आहे.

धुक्यातील वीस मिनिटे

पी. अँड ओ. कंपनीची ‘इजिप्त’ ही आगबोट १९ मे १९२२ रोजी लंडनहून मुंबईला येण्यासाठी निघाली. १८९७ साली बांधलेली ही सुमारे ५०० फूट लांबीची बोट त्या वेळी तशी वयस्करच होती. बहुतेक उतारू मार्सेल्स बंदरात चढावयाचे असल्याने बोटीवर अवघे ४४ उतारू होते. कर्मचारी मात्र २९४ होते. तिच्या पोटातील एका अरुंद, भक्कम कोठडीत दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचे सोने व चांदी ठेवलेली होती.

कर्मचाऱ्यांत पुष्कळसे आपल्याकडील लोक होते. त्या काळी या कंपनीच्या बोटींवर डेकवर काम करणारे सारंग, तांडेल आणि खलाशी कोकण-गुजरातच्या किनाऱ्यावरून, भट्टीपुढे कोळसा ओढणारे आगवाले बहुधा पंजाब व वायव्य प्रांतांतून, आणि भोजनगृहातील बटलर गोव्यातून भरती होत. रत्नागिरी जिल्ह्यातील कित्येक घरांचा चरितार्थ अशा बोटींवरच्या पगारावर चाले. म्हणून ‘इजिप्त’ची कथा ही केवळ विलायतेतील सोन्याची कथा नव्हे.

दुसऱ्या दिवशी, २० मे रोजी सायंकाळी, फ्रान्सच्या वायव्य टोकाजवळील अशंट बेटाच्या परिसरात दाट धुके पसरले. सातच्या सुमारास ‘सेन’ नावाची फ्रेंच मालवाहू बोट त्या धुक्यातून अचानक पुढे आली व ‘इजिप्त’च्या कुशीत घुसली. ‘सेन’चा नाळेकडील भाग बर्फ फोडीत जाण्यासाठी मजबूत केलेला होता, त्यामुळे आघात प्राणघातक ठरला. सुमारे वीस मिनिटांत ‘इजिप्त’ बुडाली आणि ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. विमा उतरणाऱ्यांनी सोन्याचे पैसे भरून दिले. ‘इजिप्त’ मात्र सुमारे ४०० फूट पाण्याखाली जाऊन बसली.

पाण्याचे ओझे

चारशे फूट हे अंतर जमिनीवर चालून जाण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. पाण्यात सरळ खाली मात्र ते अंतर म्हणजे एक निराळे जग होय. आपण जमिनीवर वावरतो तेव्हा हवेचा दाब आपल्या अंगावर असतोच. समुद्रात दर ३३ फुटांगणिक तेवढ्याच दाबाची आणखी एक भर पडत जाते. चारशे फुटांवर हा वाढीव दाब बारापट होतो. म्हणजे दर चौरस इंचावर सुमारे १८० पौंडांचे ओझे येते.

त्या काळचा पाणबुड्या रबरी कापडाचा पोशाख व तांब्याचे शिरस्त्राण घालून उतरे आणि वरून पंपाने त्याला हवा पुरविली जाई. भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची हवा छातीत घेतली, तरच त्याला श्वास घेता येतो. परंतु अशा दाबाखाली हवेतील नायट्रोजन वायू रक्तात विरघळू लागतो. सोड्याच्या बाटलीचे बूच उघडताच जसे बुडबुडे उसळतात, तसेच पाणबुड्या घाईने वर आला तर त्याच्या रक्तात बुडबुडे उठतात. सांधे असह्य दुखू लागतात, अंग लुळे पडते, कधी प्राणही जातो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १९०८ साली टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली आणि असंख्य पाणबुड्यांचे प्राण वाचविले. त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन हे पुढे १९५७ साली भारतात येऊन स्थायिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले, हे आपल्या वाचकांपैकी काहींना आठवत असेल. त्यांनीही पाण्याखालील दाबाचे प्रयोग स्वतःच्या शरीरावर केले होते.

ही कोष्टके हाती असली तरी चारशे फुटांवर साध्या हवेचा उपयोग नव्हता. तेवढ्या दाबाखालचा नायट्रोजन मद्यासारखा डोक्यात चढतो. माणसाला भ्रम होतो आणि हातातील कामाचे भान राहत नाही. त्यातच थंडी. उन्हाळ्यातही तळाचे ते पाणी अंग गारठवून टाकते आणि बधिर बोटांनी गाठ सोडणेही कठीण होते. ‘इजिप्त’चे सोने कायमचे गेले, असे जाणत्यांचेही मत पडले ते यामुळे.

कवचातील डोळा

हे मत ज्यांनी मानले नाही, त्यांत जिनोआ येथील ‘सोरिमा’ ही बुडीत माल काढणारी इटालियन कंपनी होती. जोव्हान्नी क्वाल्या हे तिचे प्रमुख आणि व्हियारेज्जो गावचे आल्बेर्तो जान्नी हे तिचे मुख्य पाणबुडे. माल हाती लागला तरच पैसे, नाही तर एक कपर्दिकही नाही, या अटीवर कंपनीने काम पत्करले. तिच्या बोटीचे नाव ‘आर्तिल्यो’.

माणसाच्या शरीरावर समुद्राचा दाब पडूच द्यावयाचा नाही, ही या मंडळींची मूळ कल्पना होती. भक्कम धातूच्या बंदिस्त कवचात माणूस उभा राहील. आतील हवा जमिनीवरच्याच दाबाची असेल. तो सोडील तो दूषित वायू रसायनांनी शोषला जाईल आणि प्राणवायूची भर नळकांड्यातून पडेल. रक्तात नायट्रोजन भरण्याचा प्रश्नच उरला नाही. त्यामुळे कामाचे तास भरले की त्याला सरळ वर ओढून घेता येईल. जर्मनीत बनलेले, हातापायांचे सांधे हलणारे कवच त्यांच्यापाशी होते. परंतु खोल पाण्यात त्या सांध्यांवर एवढा भार येई की हात हलविणेच दुरापास्त होई. अनुभवाने जान्नी यांनी हातपाय गाळूनच टाकले. उरला तो एक उभा लोखंडी नळा, त्याच्या माथ्याभोवती जाड काचांच्या खिडक्या, आणि आत एक माणूस व एक टेलिफोन.

हात नसलेला पाणबुड्या काय करणार, असे वाटणे साहजिक आहे. परंतु येथेच या युक्तीचे मर्म आहे. काम करणारा हात म्हणजे बोटीवरील यारीला टांगलेला लोखंडी पंजा. तो चारशे फूट वर उभ्या असलेल्या यारीवाल्याच्या ताब्यात. पाहणारा डोळा तेवढा खाली. उन्हाळ्यात निवळ पाणी असले म्हणजे त्या खोलीवरही अंधूक उजेड पोचे. त्या उजेडात डोळे ताणून पाणबुड्या टेलिफोनवरून सांगे: थोडे डावीकडे, आणखी खाली, थांबा, आता मिटा. वरचा माणूस न दिसणाऱ्या वस्तूवर पंजा मिटी. दोघांचा एकमेकांवर पूर्ण विश्वास नसता, तर यंत्राचा काडीइतका उपयोग झाला नसता.

सोने काढणे पुढचेच. आधी बोट सापडावयास हवी होती. ती नेमकी कोठे बुडाली याविषयीच्या नोंदी एकमेकींशी जुळत नव्हत्या. दोन बोटींच्या मध्ये लांब तार सोडून तळ विंचरून काढावयाचा, तार अडकली की पाणबुड्यास खाली धाडावयाचे आणि बहुतेक वेळा तो सांगे की खाली खडक आहे. १९२९ चा उन्हाळा असा गेला, १९३० चाही बराचसा गेला. अखेर ऑगस्ट १९३० च्या शेवटी तारेला अडथळा झाला आणि खाली गेलेल्या पाणबुड्याला एका मोठ्या आगबोटीची बाजू दिसली. पुढे कप्तानाच्या खोलीतील तिजोरी वर आली आणि ही ‘इजिप्त’च होय याबद्दल शंका उरली नाही.

सोन्याचे मोल

हिवाळा आला की त्या समुद्रात काम करणे अशक्य होई. रिकामे बसावयास नको म्हणून ‘आर्तिल्यो’ने फ्रान्सच्या किनाऱ्यानजीक एक दुसरे काम घेतले. पहिल्या महायुद्धात बुडालेली ‘फ्लॉरेन्स एच.’ ही दारूगोळ्याची बोट उडवून मार्ग मोकळा करावयाचा होता. इतकी वर्षे पाण्यात भिजलेली दारू निकामी झाली असावी, अशी समजूत झाली आणि सुरक्षित अंतराविषयीची सावधगिरी सैल पडली. ७ डिसेंबर १९३० रोजी सुरुंग लावताच ती सर्व दारू एकदम पेटली. ‘आर्तिल्यो’ स्वतःच फुटून बुडाली आणि तिच्यावरील बहुतेक माणसे मरण पावली. त्यांत आल्बेर्तो जान्नी होते. आरिस्तीदे फ्रान्चेस्की व आल्बेर्तो बार्जेल्लिनी हे त्यांचे निष्णात सोबतीही होते. चारशे फूट खोल पाण्यातून नित्य सुखरूप वर येणारी ही माणसे उथळ पाण्यातील कामात, बोटीच्या डेकवर उभी असताना गेली.

कंपनीने दुसरी बोट घेतली, तिचेही नाव ‘आर्तिल्यो’ ठेवले, आणि राहिलेल्या माणसांनी तेच काम पुढे चालविले. सोन्याची कोठडी कित्येक मजल्यांखाली होती. प्रत्येक मजल्याचे पोलाद सुरुंगाने फोडावयाचे, तुकडे पंज्याने उचलून दूर टाकावयाचे, मग पुढचा मजला. समुद्र खवळला की दिवस, कधी आठवडाही फुकट जाई. १९३१ चा हंगाम असाच संपला. २२ जून १९३२ रोजी पंज्यातील चिखलगाळ डेकवर ओतला गेला, तेव्हा त्यात सोन्याची नाणी चमकली; पाठोपाठ सोन्याच्या विटा आल्या. १९३५ पर्यंत जवळजवळ सर्व सोने-चांदी वर काढण्यात आली. एवढ्या खोलीवरून एवढे धन त्यापूर्वी कोणी काढलेले नव्हते.

या सोन्याबरोबर आणखी एक वस्तू वर आली, आणि ती आपल्याकडील वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याची आहे. त्याच कोठडीत निजाम सरकारसाठी विलायतेत छापलेल्या हैदराबाद संस्थानच्या नोटांचे गठ्ठे होते. मराठवाडा तेव्हा त्या संस्थानात होता. नोटांवर रुपयांचा आकडा उर्दू, तेलुगू व कानडीबरोबर मराठीतही असे. औरंगाबाद किंवा नांदेडच्या बाजारात हातोहात फिरावयाचा तो कागद दहा वर्षे अटलांटिक सागराच्या तळाशी पडून राहिला. कोणत्याही बाजारात न चाललेल्या त्या डागाळलेल्या नोटा आज संग्राहक जपून ठेवतात.

गिरसप्पा

ज्या खोलीवर कवचातील माणूसही पोचू शकत नव्हता, तेथे बुडालेल्या आगबोटींची कथा पुढच्या युद्धात सुरू होते. त्यांपैकी एकीचे नाव मराठी कानांना परके नाही. शरावती नदीच्या जोग धबधब्याला आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या ‘गिरसप्प्याचा धबधबा’ म्हणत आले आहेत. त्या गिरसप्पा गावाचे नाव ब्रिटिश इंडिया कंपनीच्या १९१९ साली बांधलेल्या एका मालवाहू आगबोटीला दिले होते.

डिसेंबर १९४० मध्ये ‘गिरसप्पा’ कलकत्त्याहून चांदी, चहा, कच्चे लोखंड आणि टपालाच्या थैल्या घेऊन इंग्लंडकडे निघाली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून ती इतर बोटींच्या ताफ्यात सामील झाली. पण वादळी हवेत कोळसा पुरेनासा झाला, म्हणून ताफा सोडून ती एकटीच आयर्लंडकडे वळली. फेब्रुवारी १९४१ च्या मध्यास एका रात्री जर्मन पाणबुडीने तिच्यावर पाणतीर सोडला. बोटीवर ऐंशीहून अधिक माणसे होती आणि त्यांत मोठा भरणा भारतीय खलाशांचा होता. जीवनौकांपैकी एकच, तेरा दिवस थंडी आणि तहान सोसून, कॉर्नवॉलच्या खडकाळ किनाऱ्यापाशी पोचली. तेथेही लाटांनी ती उलथली. दुय्यम अधिकारी रिचर्ड एअर्स हे एकटेच वाचले.

ही बोट सुमारे ४,७०० मीटर खोलीवर होती. गिरसप्प्याचा धबधबा ८३० फूट उंच आहे; असे अठरा धबधबे एकावर एक रचले तरी ती खोली भरून निघणार नाही. पाणी तेथे गोठण्याच्या बेताचे थंड आणि उजेड मुळीच नाही. २०११ साली एका अमेरिकन कंपनीने ती शोधून काढली आणि २०१२ व २०१३ या दोन उन्हाळ्यांत सुमारे ११० टन चांदी वर काढली. यावेळी खाली कोणीही माणूस गेला नाही. दिवे, कॅमेरे आणि यांत्रिक हात बसविलेले यंत्र लांब तारेच्या टोकाशी काम करीत होते आणि ते चालविणारी माणसे वर बोटीवर पडद्याकडे पाहत बसली होती. जान्नी यांनी हात वर ठेवून डोळा तेवढा खाली धाडला होता. आता डोळाही वर आला.

चांदीबरोबर सातशेहून अधिक पत्रेही सापडली. प्रकाश आणि प्राणवायू न पोचल्यामुळे सत्तर वर्षांनंतरही त्यांतील अक्षरे वाचता येत होती. हिंदुस्थानातून नाताळच्या आगेमागे घरी धाडलेली ती साधी पत्रे होती: खुशाली, विचारपूस, लवकर भेटण्याची आशा. २०१८ साली लंडनच्या टपाल संग्रहालयात ती लोकांना पाहावयास मिळाली. ज्यांच्या नावे ती लिहिली होती, त्यांना ती वेळेवर कधीच पोचली नाहीत.

बंगळूरचा सांधा

यंत्रे जर एवढे करू शकतात, तर माणसाने पुन्हा तळाशी जावेच कशासाठी? याचे उत्तर शास्त्रज्ञ असे देतात की, कॅमेरा जिकडे वळवावा तिकडेच पाहतो. माणूस मात्र ज्याचा शोध घेत नव्हता तेही पाहतो आणि तेथल्या तेथे विचार करतो. भारताच्या ‘समुद्रयान’ मोहिमेचा हेतू बुडालेले सोने काढण्याचा नाही. सागरतळावरील खनिजे, तेथील जीवसृष्टी आणि तळाची घडण यांचा अभ्यास हा तिचा हेतू आहे.

६,००० मीटरांवर ‘इजिप्त’च्या खोलीपेक्षा जवळजवळ पन्नासपट दाब असतो. कवचाला कोठेही कोपरा असला की दाब तेथे एकवटतो; म्हणून आकार गोल, कारण गोलावर भार सर्व बाजूंनी सारखा वाटला जातो. लोखंड वापरावे तर गोल अतिशय जड होईल आणि खारे पाणी त्याला खाईल, म्हणून टायटॅनियम. दोन अर्धगोल जुळविले की सात मीटरांहून लांब सांधा तयार होतो, आणि त्या सांध्यात केसाएवढी पोकळी राहिली तरी ती घातक ठरू शकते. यासाठी इलेक्ट्रॉनांचा वेगवान झोत निर्वातात सोडून धातूच्या कडा वितळवितात व एकजीव करतात. रॉकेटांची टायटॅनियमची टाकी जोडताना अंतराळ संशोधकांनी कमावलेले कसब येथे कामी आले. आकाशात जाणाऱ्या यानाच्या टाकीत आतला दाब बाहेर रेटत असतो; सागरात जाणाऱ्या गोलावर बाहेरचा दाब आत रेटतो. सांधा दोन्हीकडे सारखाच विश्वासाचा हवा.

ऑगस्ट २०२५ मध्ये या मोहिमेतील दोन भारतीय फ्रान्सच्या ‘नॉटील’ या पाणबुडीतून अटलांटिक सागरात उतरले. शास्त्रज्ञ राजू रमेश ४,०२५ मीटरांपर्यंत, तर नौदलाचे निवृत्त कमांडर जतिंदर पाल सिंग ५,००२ मीटरांपर्यंत गेले आणि दोघेही सुखरूप परत आले. ‘गिरसप्पा’ त्याच महासागराच्या तळाशी जवळपास तेवढ्याच खोलीवर पडून आहे.

विस्मरण न व्हावे असे काही

या कथांत सोन्याचांदीचा हिशेब नेहमी तपशीलवार सापडतो. किती विटा होत्या, किती वर आल्या, किती उरल्या, हे सर्व कागदोपत्री नमूद आहे. माणसांचा हिशेब तेवढ्या आस्थेने ठेवला गेला नाही. दुसऱ्या महायुद्धात ज्यांना समुद्रानेच समाधी दिली, अशा सहा हजारांहून अधिक भारतीय नाविकांच्या नावांचा एक स्मृतिग्रंथ मुंबईच्या खलाशी-निवासात ठेवलेला आहे आणि तसाच दुसरा चितगाव येथे आहे. मुंबईस जाणाऱ्या फार थोड्या लोकांना त्याची माहिती असते.

खोल पाण्यात उतरण्याची विद्या हळूहळू वाढली ती चुकांतून, संयमातून आणि जान्नींसारख्यांच्या प्राणांच्या मोलाने. त्या विद्येचे एक टोक अशंटच्या समुद्रात आहे, दुसरे बंगळूरच्या प्रयोगशाळेत. आपल्या घरातील मुलांना टायटॅनियमच्या त्या गोलाची माहिती सांगताना, भट्टीपुढे उभ्या असलेल्या आगवाल्यांची आणि डेकवरच्या खलाशांचीही गोष्ट सांगावी. सागराच्या तळाशी जाणारे कवच कशासाठी हवे, हे त्यांना त्यावरून अधिक चांगले कळेल.